आठ कॉलमी मथळा आणि बोटभर खुलासा



वर्तमानपत्रात ‘खुलासा’ नावाची एक जागा असते. ती बहुधा आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, निविदा-सूचनांच्या शेजारी सापडते. चुकीची बातमी ज्याने वाचली त्याच्या नजरेला हा खुलासा पडेलच असे नाही, आणि ज्याच्या पडतो त्याला मूळ बातमी काय होती हे बहुधा आठवत नसते. आजचा विषय ब्रिटनमधल्या टॅब्लॉइड वृत्तपत्रांचे गैरवर्तन आणि त्यांना जाब विचारण्यासाठी तिथे सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेली खटपट हा आहे. या विषयावर बोलताना लोक सहसा स्वातंत्र्यापासून सुरुवात करतात. मी या बोटभर जागेपासून करणार आहे. माझे म्हणणे असे, की वृत्तपत्रे किती जबाबदार आहेत हे त्यांच्या आचारसंहितेवरून कळत नाही. खुलासा केव्हा छापला, कुठे छापला, आणि तो छापायचा की नाही हे कोणी ठरवले, यावरून ते कळते. ब्रिटनमध्ये हा निर्णय घेणाऱ्याचा पगार पुन्हा पुन्हा ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच तिजोरीतून निघत आला. बाकीचे बरेचसे त्यातूनच घडत गेले.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. प्रेक्षकांच्या कुंपणबंद भागात बेसुमार गर्दी लोटली आणि माणसे जाळीवर चिरडली गेली. आज या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या ९७ मानली जाते; त्यातला शेवटचा मृत्यू तब्बल ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये झाला. चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर पानभर अक्षरांत मथळा दिला: ‘सत्य’. त्याखाली तीन आरोप होते. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, आणि एका जखमीला श्वास देऊ पाहणाऱ्या पोलिसाला मारहाण केली. ही माहिती शेफिल्डमधल्या एका वृत्तसंस्थेमार्फत आली होती, आणि तिच्यामागे काही पोलीस आणि एक खासदार होते. तसेच आरोप त्या दिवसांत इतर पत्रांनीही छापले, पण ‘असा आरोप आहे’ या शेपटासह. ‘द सन’च्या बातमीदारानेही आपण ते आरोप म्हणूनच लिहून दिले होते, असे पुढे सांगितले. संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी मथळ्यात ते शेपूट छाटले. उपसंपादनाच्या टेबलावर काम केलेल्या कोणालाही हे ओळखता येईल: मजकुरात ‘म्हणे’ आणि मथळ्यात ठामपणा. कायद्याच्या दृष्टीने मजकूर सावध असतो, आणि वाचक मथळा वाचतो.

आता या मथळ्याचा खुलासा कधी आला ते पाहा. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी हे आरोप निराधार ठरवले. त्या वेळच्या प्रेस कौन्सिलनेही वृत्तपत्राचा निषेध केला. तो निषेध ज्याला ऐकू यायला हवा होता त्याला ऐकू आला नाही. १९९३ मध्ये खासदारांच्या समितीसमोर मॅकेन्झी यांनी चूक मान्य केली, पण २००६ मध्ये आपल्याला खेद नाही असेही सांगून टाकले. पानभर माफी छापायला २००४ साल उजाडले, आणि तीसुद्धा केव्हा? वेन रूनी या तरुण खेळाडूने आपली कहाणी ‘द सन’ला विकली म्हणून लिव्हरपूलमध्ये त्याच्यावर झोड उठली, तेव्हा. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने पोलिसांची बनवाबनवी उघड केल्यावर पहिल्या पानावर मथळा आला: ‘खरे सत्य’. दोन मथळ्यांमध्ये २३ वर्षे गेली होती. एप्रिल २०१६ मध्ये न्यायचौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठार मारण्याचे प्रकार ठरवले आणि चाहत्यांवर कोणताही दोष ठेवला नाही. मधल्या काळात लिव्हरपूलच्या माणसांनी आपल्या परीने शिक्षा दिली होती. त्यांनी अंक जाळले आणि पत्र विकत घेणे सोडले. अनेक विक्रेत्यांनी ते ठेवणेच बंद केले. बहिष्काराची तिथे दुसरी पिढी चालू आहे. मात्र हेही लक्षात घ्यायला हवे, की अशी शिक्षा द्यायला अख्खे शहर एकजुटीने उभे राहावे लागले. एकट्यादुकट्या माणसाच्या पाठीशी कुठले शहर उभे राहणार?

एकट्या माणसाचे काय होते हे पाहण्यासाठी एक दरपत्रक वाचून दाखवतो. मार्च २००३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी हॅम्पशायरमधल्या एका खासगी गुप्तहेराच्या घरावर छापा घातला. या तपासाचे नाव ‘ऑपरेशन मोटरमन’. गुप्तहेराकडे त्याने नेटकेपणाने लिहून ठेवलेल्या वह्या सापडल्या: कोणत्या पत्राच्या कोणत्या पत्रकाराने कोणाची माहिती मागितली आणि किती पैसे लावले. आयुक्तांनी २००६ मध्ये ‘खासगीपणाची किंमत काय?’ अशा अर्थाच्या मथळ्याचा अहवाल संसदेला सादर केला, त्यात दर छापले आहेत. एखाद्या पत्त्यावर कोण राहते हे शोधायचे, साडेसतरा पौंड. मोबाइल क्रमांकावरून पत्ता, ७५ पौंड. पोलीस दप्तरातील गुन्ह्यांची नोंद, ५०० पौंड. मोबाइलच्या खात्याचा तपशील, ७५० पौंड. किराणा दुकानात पाटीवर भाव लिहिलेले असावेत तसे हे भाव. यादीत ३०५ पत्रकार होते, आणि त्यात ‘डेली मेल’पासून सोज्वळ समजल्या जाणाऱ्या ‘ऑब्झर्व्हर’पर्यंतची नावे होती. गुप्तहेर आणि त्याचे साथीदार मिळून चौघांवर खटला झाला. एप्रिल २००५ मध्ये त्यांना सशर्त सोडून देण्यात आले. एकाही पत्रकारावर खटला भरला गेला नाही. काही चौकश्या जनहिताच्या असतीलही. पण साडेसतरा पौंडांत जनहित तपासून पाहायची तसदी कोण घेतो?

फोन हॅकिंगची तऱ्हाही अशीच साधी होती, आणि म्हणूनच ती इतकी पसरली. त्या काळी मोबाइल कंपन्या व्हॉइसमेलसाठी सर्वांना एकच ठरीव पिन देत आणि बहुतेक ग्राहक तो कधी बदलत नसत. दोघांनी मिळून एकाच वेळी फोन लावायचा. पहिल्याने लाइन अडवली की दुसरा आपोआप व्हॉइसमेलवर जातो, पिन दाबतो, निरोप ऐकतो. २००५ च्या नोव्हेंबरात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखापतीबद्दल बारीक बातमी आली. ती घरच्या माणसांपलीकडे फारशी कोणाला माहीत नव्हती, आणि राजवाड्याला संशय आला. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी त्या पत्रासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या एका खासगी गुप्तहेराकडून सुमारे ११,००० पाने टिपणे जप्त केली. जानेवारी २००७ मध्ये तो आणि राजघराण्याचा बातमीदार तुरुंगात गेले, संपादक अँडी कूलसन यांनी राजीनामा दिला, आणि कंपनीने ‘एकच नासका बातमीदार’ ही कथा सांगायला सुरुवात केली. त्या ११,००० पानांत हजारो नावे होती. ती बहुतेक तशीच पडून राहिली. जुलै २००९ मध्ये निक डेव्हिस यांनी ‘गार्डियन’मध्ये हे पुन्हा उकरून काढले, तेव्हा पोलिसांनी फेरआढावा घेतला आणि तो त्याच दिवशी आटोपला.

त्या वेळी वृत्तपत्रांनीच स्थापन केलेल्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने काय केले, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कमिशनने अहवाल दिला, आपली दिशाभूल झाल्याचा पुरावा नाही असे म्हटले, आणि वर ‘गार्डियन’च्या बातम्या त्यांच्या गाजावाजाइतक्या ठोस नाहीत असा शेराही मारला. म्हणजे तक्रारींचे कार्यालय गुन्हा शोधणाऱ्यावरच डाफरले. ४ जुलै २०११ ला ‘गार्डियन’ने छापले, की सरे परगण्यातून २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचे उघड झालेल्या १३ वर्षांच्या मुलीचा व्हॉइसमेलही ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने ऐकला होता. दोनच दिवसांनी कमिशनने आपला अहवाल मागे घेतला. १८४३ पासून चाललेले पत्र १० जुलैला बंद झाले. त्या मुलीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. तिच्या घरच्यांनी ते पुरेशा वेळा छापलेले पाहिले आहे. एक गोष्ट मात्र ‘गार्डियन’च्या खात्यावरही लिहिली पाहिजे. पत्रकारांनी निरोप पुसले आणि त्यामुळे आईवडिलांना ती जिवंत असल्याची खोटी आशा वाटली, असे त्या बातमीत होते. ती आशा देणारे पुसणे बहुधा पत्रकारांनी केलेले नव्हते, असे डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांच्या तपासातून दिसले, आणि ‘गार्डियन’ने दुरुस्ती छापली. मुख्य आरोप खरा राहिला, पण चांगल्या हेतूने लिहिणाऱ्यालाही खुलाशाची जागा लागतेच.

या सगळ्याला इतिहास आहे आणि तो कंटाळवाणा वाटावा इतका एकसुरी आहे. पहिल्या रॉयल कमिशनने १९४९ मध्ये वृत्तपत्रांची परिषद सुचवली. १९५३ मध्ये ती स्थापन झाली आणि तिच्यात बाहेरचा एकही माणूस नव्हता. दुसऱ्या कमिशनने १९६२ मध्ये कायद्याचा धाक दाखवला, तेव्हा पुढच्या वर्षी बाहेरचे काही सदस्य आले. जानेवारी १९९० मधल्या वादळात अभिनेता गॉर्डन के डोक्याला फळी लागून लंडनच्या रुग्णालयात पडला असताना ‘संडे स्पोर्ट’चा बातमीदार आणि छायाचित्रकार त्याच्या खोलीत शिरले, आणि अपिलीय न्यायालयाने हळहळत सांगितले की इंग्लिश कायद्यात खासगीपणाचा असा हक्कच नाही. त्याच सुमाराला मंत्री डेव्हिड मेलर यांनी वृत्तपत्रे आता शेवटच्या संधीच्या गुत्त्यात बसली आहेत असे बजावले होते. सर डेव्हिड कॅल्कट यांच्या समितीनंतर जानेवारी १९९१ मध्ये प्रेस कम्प्लेंट्स कमिशन आले. दोन वर्षांनी कॅल्कट यांनीच ते निरुपयोगी ठरवून कायदेशीर न्यायाधिकरण मागितले, आणि सरकारने ते फेटाळले. १९९७ मध्ये डायनाच्या मृत्यूनंतर आचारसंहिता कडक झाली. दर वेळी घोटाळा, चौकशी, कायद्याची धमकी, मग वृत्तपत्रांनीच उभारलेली नव्या नावाची संस्था, आणि मग शांतता. गुत्त्याचा मालक बदलत गेला, गिऱ्हाईक तेच.

२०११ नंतर हे चक्र तुटेल असे वाटले होते. न्यायमूर्ती ब्रायन लेव्हसन यांच्या चौकशीसमोर राजकारणी, संपादक, नट-नट्या आले, तसेच ज्यांना प्रसिद्धी कधीच नको होती अशी माणसेही आली. त्यांत ब्रिस्टलचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या भाडेकरूच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी त्यांना पकडले आणि सोडले, पण तेवढ्या दिवसांत त्यांच्या केसांवरून, बोलण्यावरून, एकटे राहण्यावरून वृत्तपत्रांनी त्यांना खुनी ठरवून टाकले होते. पुढे खुनी दुसराच निघाला. आठ पत्रांनी बदनामीची भरपाई दिली, आणि ‘मिरर’ व ‘सन’ यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल अनुक्रमे ५०,००० आणि १८,००० पौंड दंड झाला. २९ नोव्हेंबर २०१२ ला सुमारे २,००० पानांचा अहवाल आला. लेव्हसन यांनी सरकारी नियंत्रक सुचवला नव्हता. त्यांची सूचना दुमजली होती: वृत्तपत्रांनी स्वतःची स्वतंत्र नियामक संस्था काढावी, आणि ती खरोखर स्वतंत्र आहे का एवढेच दर काही वर्षांनी तपासणारी दुसरी संस्था असावी. दुसऱ्या संस्थेने एकाही बातमीला हात लावायचा नव्हता. बँकेचे हिशेब तपासणारा लेखापरीक्षक कोणाला कर्ज द्यायचे ते ठरवत नाही, तसेच हे.

या सूचनेवरून ३० ऑक्टोबर २०१३ ला राजसनद निघाली आणि पुढे मान्यता देणारे पॅनेल नेमले गेले. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याकडे पाठ फिरवली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ‘इप्सो’ ही आपली संस्था सुरू केली. तिने मान्यतेसाठी अर्जच केला नाही. तिचा पैसा प्रकाशकांच्या कंपनीकडून येतो, आणि आचारसंहिता लिहिणाऱ्या समितीत संपादकांचे बहुमत आहे. दहा लाख पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार तिने कागदावर घेतला. पहिल्या दहा वर्षांत तो एकदाही वापरला नाही. दुसऱ्या बाजूलाही सगळे निर्मळ नव्हते. मान्यता घेणारी ‘इम्प्रेस’ ही संस्था बराच काळ मॅक्स मोझली यांच्या कुटुंबाच्या धर्मादाय पैशावर चालली, आणि मोझली हे स्वतः २००८ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’विरुद्ध ६०,००० पौंड जिंकलेले पीडित होते. टॅब्लॉइडवाल्यांनी यावर टीका केली, ती योग्यच होती. अडचण एवढीच, की न्याय देणाऱ्याला पैसा कोण पुरवतो हा प्रश्न त्यांना शेजाऱ्याच्या घरी सुचला, स्वतःच्या घरी सुचला नाही.

‘इप्सो’च्या कामाचा एक नमुना जवळून पाहू. ९ मार्च २०१६ ला, युरोपविषयीच्या सार्वमताला साडेतीन महिने असताना, ‘द सन’ने पहिले पान भरून छापले की राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा आहे. राजवाड्याने तक्रार केली. मे महिन्यात निकाल लागला: मथळा दिशाभूल करणारा, कारण आतल्या मजकुरात त्याला आधार नाही. शिक्षा काय? निकाल दुसऱ्या पानावर छापायचा आणि पहिल्या पानावर त्याचा उल्लेख द्यायचा. संपादकांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले, की आपण चूक केली हे आपल्याला मान्य नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये राणीच्या वर तक्रारदार नव्हता. तिला मिळाले ते एवढे: पान भरलेल्या मथळ्याला उत्तर म्हणून एक उल्लेख, दहा आठवड्यांनी. मँचेस्टरच्या बस ड्रायव्हरच्या वाट्याला काय येईल याचा हिशेब आपण करू शकतो. खुलासा मूळ बातमीच्या जागी, तेवढ्याच अक्षरांत छापायचा असा साधा नियम केला असता, तर दंडाची गरजही क्वचित पडली असती. पहिले पान हा संपादकाचा सर्वांत महाग माल आहे. तो खुलाशासाठी द्यावा लागणार म्हटल्यावर मथळ्यातले शेपूट छाटताना हात आपोआप अडखळतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कोणत्याही तपासणीत सरकारचा हात आला की स्वातंत्र्य संपले. हा आक्षेप महाराष्ट्रात बसून हसण्यावारी नेता येणार नाही. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, टिळकांवरचे १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले, १९१० च्या कायद्यातली जामिनकी, १९१९ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या हॉर्निमन यांची हद्दपारी, हे सगळे आपल्याकडे त्याच ब्रिटनने केले. पण त्याच इतिहासात १८८२ चे कोल्हापूर प्रकरणही आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध पत्रांच्या आधारे आरोप छापले, ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांच्या धैर्याबद्दल कोणाला शंका नाही, हेतूबद्दलही नाही. तरी बर्व्यांवरचा आरोप खोटा तो खोटाच होता. सत्तेला जाब विचारण्याचा हक्क आणि स्वतः जाब देण्याचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी एकाच छापखान्यात राहू शकतात. आणि कायद्याने संस्था उभारली म्हणजे ती कणखर होतेच असेही नाही. आपली प्रेस कौन्सिल कायद्याने आली, तिला दंडाचा अधिकार नाही. आणि २००९ च्या निवडणुकांतल्या पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर तिच्याच उपसमितीने लिहिलेला ७१ पानांचा अहवाल तिने आधी दाबून ठेवला. तिथेही अडसर परिषदेतल्या मालकांचाच होता. कायदा आहे की नाही यापेक्षा खुर्च्यांवर कोण बसले आहे हे जास्त महत्त्वाचे ठरते.

आणि ज्या संपादकांना लंडनमध्ये राजसनद म्हणजे जुलूम वाटला, त्यांच्याच पत्रांच्या आयरिश आवृत्त्या डब्लिनमध्ये २००८ पासून प्रेस कौन्सिल आणि ओम्बड्समनच्या व्यवस्थेत सुखाने नांदत आहेत. या व्यवस्थेला २००९ च्या बदनामी कायद्यात स्पष्ट मान्यता आहे. लेव्हसन यांनी हा दाखला दिला होता. ब्रिटनमध्येच दूरचित्रवाणीवर ऑफकॉम या नियामक संस्थेचे थेट कायदेशीर नियंत्रण आहे, वृत्तपत्रांना सुचवलेल्यापेक्षा कितीतरी कडक. त्याने तिथली शोधपत्रकारिता मेलेली नाही. आयरिश समुद्र ओलांडला की स्वातंत्र्याचे तत्त्व बदलते, असे मानायचे असेल तर बोलणेच खुंटले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हॅकिंग, लाच, बदनामी हे सगळे आधीच गुन्हे होते किंवा दाव्यास पात्र होते, नवी संस्था कशाला, पोलीस आणि न्यायालये पुरेशी आहेत. पोलिसांकडची ११,००० पाने या आक्षेपाचे उत्तर देतात. न्यायालयांचे उत्तर जरा लांबट आहे. २०१४ मध्ये कूलसन यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली; त्याआधी ते पंतप्रधान कॅमेरन यांचे संपर्कप्रमुख होऊन गेले होते. त्याच खटल्यात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या माजी संपादक रिबेका ब्रूक्स निर्दोष सुटल्या. पोलीस आणि अधिकाऱ्यांना पैसे दिल्याच्या चौकशीत कंपनीने स्वतःच कागद पोलिसांना दिले. त्यातून माहिती देणारे बरेच सरकारी नोकर तुरुंगात गेले, आणि खटला झालेले बहुतेक पत्रकार सुटले. आपला माहितीचा स्रोत कधी उघड करू नये हा पत्रकारितेचा पहिला धडा. इथे स्रोत मालकाने वाऱ्यावर सोडले. दिवाणी बाजूला, डिसेंबर २०२३ मध्ये राजपुत्र हॅरी यांनी मिरर गटाविरुद्ध १,४०,६०० पौंड मिळवले आणि हॅकिंग तिथे सर्रास चालत होते असा निष्कर्ष न्यायमूर्ती फॅनकोर्ट यांनी नोंदवला. जानेवारी २०२५ मध्ये ‘द सन’ची मालकी असलेल्या मरडॉक गटाने सुनावणी सुरू होता होता तडजोड केली आणि ‘द सन’साठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेरांच्या बेकायदा कृत्यांबद्दल माफी मागितली. पण तडजोड झाली म्हणजे एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही. इंग्लंडमध्ये नियम असा, की समोरच्याने देऊ केलेल्या रकमेपेक्षा न्यायालयाने कमी दिले तर जिंकणाऱ्यालाही खर्चाचा मोठा बोजा उचलावा लागतो. ज्याच्याकडे कोट्यवधी पौंड आहेत तो मौन विकत घेऊ शकतो, आणि ते नाकारायला राजपुत्राची ऐपतही अपुरी पडते.

तिसरा आक्षेप शोधपत्रकारितेचा. २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने खासदारांच्या भत्त्यांची भानगड बाहेर काढली, ती फुटलेली माहिती पैसे देऊन घेतली म्हणूनच. आचारसंहिता फार कडक असती तर ते झाले असते का? झाले असते, कारण जनहिताचा अपवाद प्रत्येक मसुद्यात होता, आणि तो तिथे लख्ख दिसत होता. खासदाराने जनतेच्या पैशातून आपल्या घराचे काय काय करून घेतले हे मतदाराने जाणणे, आणि नटीच्या व्हॉइसमेलवर कोण बोलले हे ऐकणे, यांतला फरक न कळणारा संपादक मला अजून भेटायचा आहे. यातला एक भाग मात्र मान्य केला पाहिजे. २०१३ च्या कायद्यातले कलम ४० असे होते, की मान्यताप्राप्त संस्थेत नसलेल्या पत्राने दावा जिंकला तरी समोरच्याचा खर्च त्यानेच भरावा. हेतू स्वस्त लवादाकडे ढकलण्याचा होता, पण खरे लिहून जिंकलेल्या छोट्या साप्ताहिकाला दंड बसणे कोणालाही अन्यायच वाटणार. ते कलम कधी अमलात आलेच नाही आणि मे २०२४ मध्ये रद्द झाले. त्यासाठी अश्रू ढाळायचे कारण नाही. त्याच्या जागी काहीच आले नाही, हे मात्र सलते.

छापील वृत्तपत्रे आता मरणपंथाला लागली आहेत, मग हा जुना वाद कशाला, असेही विचारले जाते. ‘द सन’ने २०२० पासून आपला खप जाहीर करणेच थांबवले आहे. पण खप उतरला म्हणून सवय उतरत नाही. कमी माणसांत जास्त मजकूर काढायचा, तोही तासातासाला, म्हटल्यावर पडताळणीला वेळ आणखी कमी मिळतो. लेव्हसन यांच्यासमोर पत्रकारांच्या संघटनेने अनेक बातमीदारांच्या निनावी साक्षी ठेवल्या होत्या. त्यात वरिष्ठांच्या धाकदपटशाची वर्णने होती. सदसद्विवेकाचे कलम नोकरीच्या करारात असावे, म्हणजे चुकीचे काम नाकारले म्हणून बातमीदाराला काढता येऊ नये, ही मागणी लेव्हसन यांनीही उचलून धरली. माझ्या मते सबंध अहवालातली ही सर्वांत व्यवहारी सूचना होती, आणि सर्वांत कमी चर्चाही हिचीच झाली. मथळ्यातले शेपूट छाटले जात असताना ‘साहेब, असे छापता येणार नाही’ म्हणणारा जागेवर बसलेला असतोच. त्याची नोकरी शाबूत राहील एवढी हमी त्याला हवी असते.

लेव्हसन चौकशीचा दुसरा भाग व्हायचा होता. वृत्तपत्रे आणि पोलीस यांच्यात नेमके काय शिजत होते आणि कंपन्यांत कोणाला काय माहीत होते, हे फौजदारी खटले संपल्यावर त्यात तपासायचे ठरले होते. १ मार्च २०१८ रोजी सांस्कृतिक मंत्री मॅट हॅनकॉक यांनी तो रद्द केला. काळ बदलला, वृत्तपत्रे सुधारली, असे कारण दिले गेले. लेव्हसन यांनी आपली असहमती लेखी कळवली होती. त्याबरोबर मोटरमनच्या वह्यांचा प्रश्नही बाजूला पडला. त्या वह्यांत नटांची, खेळाडूंची नावे आहेत, तशी बातमीतल्या कोणाच्या तरी बहिणीची, शेजाऱ्याची, जुन्या प्रियकराचीही आहेत. इतक्या हजारो लोकांना शोधून कळवणे खर्चाचे आणि अवघड आहे, अशी भूमिका माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने लेव्हसन यांच्यासमोर घेतली होती. त्यामुळे अशी कितीतरी माणसे आज इंग्लंडात आहेत, ज्यांचा पत्ता साडेसतरा पौंडांना विकला गेला, ज्यांच्या फोनचा हिशेब कुण्या अनोळखी माणसाने वाचला, आणि ज्यांना हे कोणी सांगितलेले नाही. खुलासा मागायचा तर आधी त्यांना बातमी तरी कळायला हवी.